प्रायोगिक उपचारांचा जमाखर्च : प्रगत मेलॅनोमाच्या निमित्ताने



आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात ताळेबंद आणि विभागवार कामकाजाच्या माहितीबरोबरच एखाद्या वैद्यकीय विषयाची ओळख करून देण्याची प्रथा आपण गेली अनेक वर्षे पाळत आलो आहोत. मधुमेह, क्षयरोग, मोतीबिंदू अशा नित्य परिचयाच्या विषयांनंतर यंदाचा विषय वाचकांना थोडा दूरचा वाटेल. ‘मेलॅनोमा’ हा त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार आहे. तो शरीरात पसरल्यानंतर त्यावर करून पाहिल्या जाणाऱ्या नव्या उपचारांच्या चाचण्या, म्हणजे ज्यांना ‘क्लिनिकल ट्रायल’ म्हणतात त्या, हा या लेखाचा विषय आहे. आमच्या रुग्णालयात अशा चाचण्या होत नाहीत आणि या आजाराचे रुग्णही आमच्याकडे क्वचितच येतात. तरीही हा विषय घेण्यास अहवाल वर्षातील एक घटना कारणीभूत झाली. संबंधित कुटुंबाच्या अनुमतीने, ओळख पटेल असा तपशील वगळून, ती येथे नमूद करीत आहोत.

साठी उलटलेले एक शेतकरी गृहस्थ जांघेत आलेले अवधाण दाखविण्यासाठी आमच्या बाह्यरुग्ण विभागात आले. पायाला जखम झाली की अवधाण येते, हे खेड्यात सर्वांना ठाऊक असते. म्हणून शल्यचिकित्सकांनी पाय तपासला. टाचेवर काळसर, ओबडधोबड कडांचा एक डाग होता. वर्षभर तो कुरूप समजून त्यावर पट्ट्या लावल्या जात होत्या, दोनदा तो ब्लेडने तासलाही गेला होता. तुकडा काढून तपासला असता मेलॅनोमाचे निदान झाले. पुढील तपासण्यांत आजार फुप्फुसांपर्यंत पोहोचल्याचे दिसून आले.

त्यांच्या चिरंजीवांनी परदेशातील एका नव्या उपचाराच्या चाचणीविषयी वाचले होते. ‘साहेब, दोन एकर विकतो, पण अण्णांना तिकडे पाठवू’, असे ते म्हणाले. हे समजताच आमचे एक जुने आणि सहृदय देणगीदार संपूर्ण खर्च उचलण्यास तयार झाले. परंतु कुटुंबाची एक अट होती. अण्णांना आजाराचे नाव सांगायचे नाही. जी काही कागदपत्रे असतील त्यांवर ‘तपासणीचे कागद’ म्हणून सही घेऊ, असे त्यांचे म्हणणे होते.

एकीकडे मुलाची माया, दुसरीकडे देणगीदारांचे औदार्य, आणि मध्ये ज्यांच्या जिवाचा प्रश्न आहे तेच अनभिज्ञ. या परिस्थितीत आम्ही काय करावयास हवे होते? याचे उत्तर शोधताना आम्हांस जे समजले ते देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक या सर्वांनाच उपयोगी पडेल, असे वाटल्याने हा लेखप्रपंच. यातील वैद्यकीय मजकूर आमच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासून दिला आहे. हिशेबाची भाषा मात्र आमची आहे, कारण आमचे शिक्षण वाणिज्य शाखेतील आहे.

मेलॅनोमा म्हणजे काय?

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना ‘मेलॅनोसाइट’ म्हणतात. या पेशी अनिर्बंध वाढू लागल्या म्हणजे मेलॅनोमा होतो. गोऱ्या वर्णाच्या लोकांत, विशेषतः ऑस्ट्रेलियासारख्या प्रखर उन्हाच्या देशात, त्याचे प्रमाण मोठे आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे तेथील प्रमुख कारण मानले जाते. आपल्याकडे गडद त्वचेमुळे या किरणांपासून बरेच संरक्षण मिळते आणि म्हणून हा आजार विरळा आहे. मात्र जेव्हा तो होतो तेव्हा बहुधा तळपाय, तळहात, नखाखालची जागा किंवा तोंड, नाक, गुदद्वार यांच्या आतील अस्तर अशा ठिकाणी होतो. या जागांचा उन्हाशी फारसा संबंध नसतो, आणि तेथे कोणी काळजीपूर्वक पाहतही नाही. जमैकाचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांचा मेलॅनोमा पायाच्या बोटाच्या नखाखाली सुरू झाला होता. १९८१ मध्ये वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आजार त्वचेपुरता असताना शस्त्रक्रियेने तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. परंतु तो लवकर पसरतो, प्रथम जवळच्या लसीका ग्रंथींत आणि पुढे फुप्फुस, यकृत, मेंदू यांसारख्या अवयवांत. अशा पसरलेल्या अवस्थेला प्रगत मेलॅनोमा म्हणतात. शस्त्रक्रियेची मर्यादा येथे संपते आणि औषधांचा विचार सुरू होतो.

चाचणी म्हणजे नेमके काय?

‘चाचणीत घेतले’ म्हणजे ‘नवे व अधिक चांगले औषध मिळाले’, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती अशी की, औषध चांगले आहे की नाही हे ठाऊक नसते म्हणूनच चाचणी घ्यावी लागते. ते ठाऊक असते तर चाचणीची गरज उरली नसती.

माणसांवरील चाचण्या सामान्यतः तीन टप्प्यांत होतात. पहिल्या टप्प्यात मोजक्या रुग्णांना औषध देऊन किती मात्रा सुरक्षित आहे एवढेच मुख्यतः पाहिले जाते. सुरुवातीच्या रुग्णांना अगदी अल्प मात्रा मिळते आणि त्यांना स्वतःला लाभ होण्याची शक्यता कमी असते. दुसऱ्या टप्प्यात औषधाने गाठी आक्रसतात का, हे पाहतात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो रुग्णांचे गट करून नव्या औषधाची प्रचलित उपचारांशी तुलना केली जाते.

कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टर ठरवीत नाहीत, रुग्णही ठरवीत नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ती निवड संगणकाद्वारे होते. प्रथमदर्शनी हे निष्ठुर वाटते. पण निवड डॉक्टरांवर सोडली तर धडधाकट रुग्णांना नवे औषध आणि खंगलेल्यांना जुने औषध दिले जाण्याची शक्यता असते. मग नव्या औषधाचे यश हे औषधाचे की रुग्णाच्या मूळ प्रकृतीचे, हे सांगता येणार नाही. हिशेबतपासनीस आपल्या आवडीची व्हाउचरे निवडून तपासू लागला तर त्या तपासणीला अर्थ उरत नाही, तसेच हे आहे.

नावेची बाजू

कोणत्याही खातेवहीत जमा आणि नावे या दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. नव्या उपचारांच्या बातम्यांत मात्र जमेची बाजू तेवढी छापली जाते. म्हणून प्रथम नावेची बाजू पाहू.

डकार्बाझिन हे औषध अमेरिकेत १९७५ मध्ये मेलॅनोमासाठी मान्य झाले. त्याने थोड्याच रुग्णांच्या गाठी आक्रसत आणि त्यामुळे आयुष्य वाढते असे कधीही सिद्ध झाले नाही. तरीही पुढील तीन दशके तेच प्रमुख औषध राहिले, कारण त्याहून चांगले काही हाती नव्हते. १९९८ मध्ये इंटरल्युकिन-२ हे प्रतिकारशक्तीला चेतविणारे औषध मान्य झाले. ज्या २७० रुग्णांच्या माहितीवरून ही मान्यता मिळाली, त्यांपैकी १६ टक्के रुग्णांच्या गाठी कमी झाल्या आणि ६ टक्के रुग्णांच्या पूर्णपणे नाहीशा झाल्या. त्यासाठी रुग्णाला अतिदक्षता विभागासारख्या देखरेखीखाली ठेवावे लागे, इतके त्याचे दुष्परिणाम तीव्र होते.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यापूर्वीच्या दुसऱ्या टप्प्याच्या ४२ चाचण्यांतील सुमारे २१०० रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. त्यांपैकी निम्मे रुग्ण सव्वासहा महिन्यांच्या आत दगावले होते. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण जेमतेम २५ टक्के होते. चाळीसहून अधिक चाचण्या झाल्या, दोन हजारांवर माणसांनी आपली शरीरे पुढे केली, आणि आयुर्मानाच्या आकड्यात लक्षणीय फरक पडला नाही.

मोठी आशा ठेवलेल्या औषधांचीही हीच गत झाली. कॅनव्हॅक्सिन या कर्करोगावरील लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २००५ मध्ये थांबवावी लागली, कारण लशीचा लाभ दिसत नव्हता. ट्रेमेलिमुमॅब या औषधाची मोठी चाचणी २००८ मध्ये याच कारणाने बंद झाली. २०१८ मध्ये ७०६ रुग्णांच्या चाचणीत एपाकॅडोस्टॅट हे नवे औषध प्रचलित औषधाला जोडून दिले गेले. आधीच्या लहान चाचण्यांचे निकाल उत्साहवर्धक होते, पण मोठ्या चाचणीत त्याचा काहीही अधिक उपयोग आढळला नाही.

या सर्व चाचण्यांत सहभागी झालेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक अण्णांच्या मुलाइतकीच आशा बाळगून होते, हे आपण विसरू नये.

जमेची बाजू

आता जमेची बाजू. शरीरातील संरक्षक पेशींना जणू ब्रेक असतात आणि त्यांमुळे त्या आपल्याच अवयवांवर हल्ला करीत नाहीत. कर्करोग या ब्रेकचा गैरफायदा घेऊन सुरक्षित राहतो. अमेरिकेतील जेम्स ॲलिसन आणि जपानमधील तासुकू होंजो यांनी असे दोन वेगवेगळे ब्रेक सैल करण्याचे मार्ग संशोधनातून दाखविले. त्यासाठी २०१८ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ॲलिसन यांच्या संशोधनातून इपिलिमुमॅब हे औषध निघाले. वर उल्लेखिलेले अयशस्वी ट्रेमेलिमुमॅब आणि हे औषध एकाच ब्रेकवर काम करतात. तरीही संशोधक थांबले नाहीत. २०१० मध्ये ६७६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी लस दिलेल्या गटाचे मध्यमान आयुर्मान ६.४ महिने आणि इपिलिमुमॅब मिळालेल्यांचे सुमारे १० महिने होते. प्रगत मेलॅनोमात एखाद्या औषधाने आयुष्य वाढते हे मोठ्या तुलनात्मक चाचणीत प्रथमच सिद्ध झाले. याच चाचणीत १४ रुग्णांचा मृत्यू औषधांच्या दुष्परिणामांमुळे झाला, हीदेखील नोंद त्याच निबंधात आहे. ब्रेक सैल झाले की संरक्षक पेशी आतडी, यकृत, फुप्फुसे आणि ग्रंथी यांवरही तुटून पडू शकतात.

दुसरा मार्ग जनुकांचा. सुमारे निम्म्या मेलॅनोमांत ‘बीरॅफ’ नावाच्या जनुकात बिघाड असतो, हे २००२ मध्ये ध्यानात आले. त्या बिघाडावर नेमका इलाज करणारे वेमुराफेनिब हे औषध तयार झाले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६७५ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण या औषधाच्या गटात ८४ टक्के आणि डकार्बाझिनच्या गटात ६४ टक्के होते. गाठी झपाट्याने ओसरत. परंतु बहुतेकांत काही महिन्यांनी त्या पुन्हा वाढू लागत. पुढे दोन औषधे जोडीने देण्यास सुरुवात झाल्यावर हा परिणाम अधिक टिकाऊ झाला.

होंजो यांच्या संशोधनाच्या दिशेने तयार झालेली पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब ही औषधे २०१४ मध्ये मान्य झाली. निव्होलुमॅब आणि डकार्बाझिन यांच्या तुलनेत एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ७३ टक्के व ४२ टक्के होते. त्यानंतर ९४५ रुग्णांच्या एका चाचणीत निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब एकत्र देण्यात आली. तिचा दहा वर्षांचा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही औषधे मिळालेल्या गटातील ४३ टक्के, केवळ निव्होलुमॅब मिळालेल्यांतील ३७ टक्के आणि केवळ इपिलिमुमॅब मिळालेल्यांतील १९ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते. दोन औषधे एकत्र घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना गंभीर दुष्परिणाम सोसावे लागले. तरीही जेथे निम्मे रुग्ण सहा महिन्यांत जात, तेथे दहा वर्षांची गोष्ट करता येऊ लागली, हे खरे.

हा बदल कोणा एका शोधाने झालेला नाही. नावेच्या बाजूला असलेल्या प्रत्येक अयशस्वी चाचणीने पुढच्यांना कोणता रस्ता बंद आहे हे सांगितले. ती पाने फाडून टाकली तर जमेच्या बाजूचा अर्थच लागत नाही.

तुलना गटातील रुग्णाचे काय?

येथे एक अवघड प्रश्न उरतो आणि तो टाळणे योग्य होणार नाही. वेमुराफेनिबच्या सुरुवातीच्या निकालांतच गाठी झपाट्याने ओसरताना दिसत होत्या. तरीही पुढील चाचणीत निम्म्या रुग्णांना डकार्बाझिन द्यावे काय, यावर २०१० मध्ये अमेरिकेत मोठा वाद झाला. जुने औषध निरुपयोगी आहे हे ठाऊक असताना ते देणे अन्याय नव्हे काय, असे काही डॉक्टर विचारीत होते. इतरांचे म्हणणे असे की, गाठी ओसरणे आणि आयुष्य वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि यापूर्वी अनेकदा पहिलीवरून दुसरीचा अंदाज चुकला आहे.

दोन्ही बाजूंना तथ्य होते. अशा प्रसंगांसाठीच चाचणीवर एक स्वतंत्र देखरेख मंडळ असते आणि ते निकालांचा मधूनमधून आढावा घेते. वेमुराफेनिबच्या चाचणीत या मंडळाने अंतरिम निकाल पाहून डकार्बाझिन घेणाऱ्यांनाही नवे औषध देण्याची शिफारस केली. निव्होलुमॅबच्या चाचणीतही तसेच झाले. काहींच्या बाबतीत तोपर्यंत उशीर झाला होता. औषधाची खात्री पटविण्यासाठी दिलेली ही किंमत आहे. ती इतरांनी चुकती केली आहे, याचे भान आज ते औषध घेणाऱ्यांनी आणि देणाऱ्यांनी ठेवावे, एवढेच आम्ही म्हणू शकतो.

आपल्या रुग्णांसाठी दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली सूचना अशी की, वरील आकडे प्रामुख्याने गोऱ्या वर्णाच्या, उन्हाशी संबंधित मेलॅनोमा असलेल्या रुग्णांचे आहेत. तळपायाच्या किंवा आतील अस्तराच्या मेलॅनोमात बीरॅफचा बिघाड कमी आढळतो आणि प्रतिकारशक्तीवर आधारित औषधांचा प्रतिसादही तुलनेने कमी मिळतो. म्हणून ४३ टक्के हा आकडा जसाच्या तसा आपल्या रुग्णांस लावता येणार नाही.

दुसरी सूचना खर्चाची आहे. ही औषधे आपल्या देशात उपलब्ध आहेत, परंतु पूर्ण मात्रेच्या उपचारांचा खर्च लाखांच्या घरात जातो. या संदर्भात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील एका चाचणीचा उल्लेख करणे उचित ठरेल. मेलॅनोमाच्या चाचण्यांतून पुढे आलेले निव्होलुमॅब तेथील डॉक्टरांनी डोके व मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांच्या चाचणीत वापरले. दर तीन आठवड्यांना केवळ २० मिलिग्रॅम, म्हणजे प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी औषध, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने देण्यात आले. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण केवळ गोळ्या घेणाऱ्यांत सुमारे १६ टक्के आणि निव्होलुमॅबही मिळालेल्यांत सुमारे ४३ टक्के होते. या चाचणीत पूर्ण मात्रेशी तुलना नव्हती आणि आजारही वेगळा होता. त्यामुळे मेलॅनोमाविषयी तिच्यावरून निष्कर्ष काढू नये. आपल्या रुग्णांच्या खिशाला परवडेल अशा प्रश्नाचे उत्तर आपल्याच भूमीवर शोधता येते, हे मात्र तिने दाखविले.

कायद्याचे संरक्षण

भारतात चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून चाचणीची नोंदणी अनिवार्य झाली. २०१९ च्या नव्या औषधे व चाचण्यांविषयीच्या नियमांनुसार प्रत्येक चाचणीस नीतिमत्ता समितीची मान्यता लागते. या समितीत किमान सात सदस्य असतात आणि त्यांत एक सामान्य नागरिक, एक कायदेतज्ज्ञ व एक महिला असणे आवश्यक आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाई यांची तरतूद आहे. सहभागी रुग्णास कोणत्याही क्षणी, कारण न देता, चाचणीतून बाहेर पडता येते आणि त्यामुळे त्याच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये.

या सर्वांच्या मुळाशी रुग्णाची संमती आहे. ती त्याच्या भाषेत, त्याला समजेल अशा शब्दांत, सर्व माहिती दिल्यानंतर घ्यावयाची असते. रुग्ण शुद्धीवर आणि सारासार विचार करण्यास समर्थ असताना त्याच्या वतीने मुलगा, पत्नी किंवा भाऊ संमती देऊ शकत नाही.

पुन्हा त्या कुटुंबाकडे

हे समजल्यानंतर आमच्या लक्षात आले की, चूक केवळ कुटुंबाची नव्हती. निदान होऊन तीन आठवडे लोटले होते. त्या काळात आमच्याकडील डॉक्टर, परिचारिका आणि आम्ही कार्यालयातील मंडळी, सर्वच जण अण्णांसमोर ‘गाठ आहे, औषध चालू आहे’ एवढेच बोलत होतो. ‘नातेवाइकांची इच्छा’ या सबबीखाली आम्ही रुग्णाचा हक्क बाजूला ठेवला होता, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो.

आमच्या वरिष्ठ शल्यचिकित्सकांनी मुलाला समोर बसवून सांगितले की, खोट्या कागदावरच्या सहीने कोणत्याही नीतिमान चाचणीत प्रवेश मिळणार नाही आणि मिळाला तर ती चाचणी विश्वासार्ह नाही. मुलाने विचारले, ‘यात अण्णांचा फायदा किती आणि पुढच्यांचा किती?’ शल्यचिकित्सकांनी आकडा दिला नाही. पुढच्यांचा फायदा नक्की आहे, अण्णांचा अनिश्चित आहे, एवढेच उत्तर त्यांनी दिले. दोन दिवसांनी, मुलाच्याच उपस्थितीत, अण्णांना आजाराचे नाव सांगण्यात आले. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मला वाटलंच होतं. तुम्ही सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होता.’

मुंबईतील कर्करोगतज्ज्ञांचा सल्ला घेण्याचे ठरले आणि अण्णा स्वतः जाण्यास तयार झाले. गाठीचे नमुने तपासले असता बीरॅफचा बिघाड आढळला नाही. त्यांच्या प्रकृतीस योग्य अशी चाचणी त्या वेळी उपलब्ध नव्हती. परदेशातील ज्या चाचणीविषयी मुलाने वाचले होते तिच्या अटींत ते बसत नव्हते. उपचारांचे पर्याय, त्यांचा खर्च आणि अपेक्षित लाभ या सर्वांची त्यांना कल्पना देण्यात आली. वेदना कमी करणारे उपचार घेऊन गावी राहावे, असा निर्णय त्यांनी स्वतः घेतला. जमीन विकू दिली नाही. मधल्या काळात शेतीची कागदपत्रे मुलांच्या नावे केली आणि धाकट्या मुलीचे लग्न पाहिले. निदानानंतर आठव्या महिन्यात, घरी, त्यांचे निधन झाले. चाचणीने त्यांना काही दिले नाही. चाचणीच्या नियमाने मात्र त्यांचा आजार त्यांच्या स्वाधीन केला.

देणगीदार आणि नातेवाइकांना नम्र विनंती

ज्या देणगीदारांनी संपूर्ण खर्च देऊ केला होता, त्यांच्याशी चर्चा करून त्यांच्या संमतीने आम्ही ती रक्कम विश्वस्त मंडळाच्या ठरावाद्वारे एका स्वतंत्र निधीत ठेवली आहे. गाठीच्या तपासण्या, मुंबईपर्यंतचा प्रवास, तेथील निवास आणि कर्करोगतज्ज्ञांचा सल्ला एवढ्यासाठीच हा निधी वापरला जाईल. एका रुग्णाला परदेशी पाठविण्याऐवजी अनेकांना योग्य वेळी योग्य दारापर्यंत पोहोचविता येईल. निधीचा तपशील आर्थिक पत्रकांत स्वतंत्रपणे दिला आहे.

दानाचा पैसा संशोधनालाही बळ देऊ शकतो, याचे एक उदाहरण नेदरलँड्सचे आहे. रुग्णाच्या गाठीतील संरक्षक पेशी बाहेर काढून, प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवून पुन्हा शरीरात सोडण्याच्या उपचाराची चाचणी तेथील आणि डेन्मार्कमधील रुग्णालयांनी १६८ रुग्णांवर केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आजार आटोक्यात राहण्याचा मध्यमान काळ इपिलिमुमॅबच्या गटात ३.१ महिने आणि पेशींच्या उपचाराच्या गटात ७.२ महिने होता. या चाचणीला आर्थिक आधार देणाऱ्यांत देणग्यांवर चालणारी नेदरलँड्सची कर्करोग संस्था होती. याच तत्त्वावरील एका उपचारास अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

आपल्या घरातील रुग्णास चाचणीचा प्रस्ताव आल्यास पुढील प्रश्न अवश्य विचारावेत. ही चाचणी कोणत्या टप्प्याची आहे? ती नोंदणीकृत आहे काय आणि तिचा नोंदणी क्रमांक कोणता? तुलना गटात गेल्यास कोणते उपचार मिळतील? औषध, तपासण्या व प्रवास यांचा खर्च कोण करणार? इजा झाल्यास कोणाशी संपर्क साधावा? चाचणी संपल्यावर औषधाचा लाभ होत असेल तर ते पुढे मिळेल काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, रुग्णाला स्वतःला हे सर्व समजले आहे काय? चाचणीत सहभागी होण्यासाठी कोणी पैसे मागितले तर थांबून दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

शेवटी एक साधी गोष्ट. तळपाय, तळहात आणि नखे यांवर नवा काळा डाग दिसला, जुन्या डागाचा रंग, आकार किंवा कडा बदलू लागल्या, किंवा कुरूप समजलेली गाठ दोन महिन्यांत बरी झाली नाही, तर ती घरी न तासता डॉक्टरांना दाखवावी. वेळीच केलेली लहानशी शस्त्रक्रिया हा मेलॅनोमावरील सर्वांत खात्रीचा इलाज आहे आणि तो आपल्या रुग्णालयात होऊ शकतो. यापुढे आमच्या मधुमेह तपासणी शिबिरांत पायांची तपासणी करताना परिचारिका अशा डागांचीही नोंद घेतील.

ज्या अनामिक रुग्णांनी यशस्वी आणि अयशस्वी चाचण्यांतून हे ज्ञान उभे केले त्यांचे, आणि आपले दुःख इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून हा वृत्तान्त छापण्यास अनुमती देणाऱ्या कुटुंबाचे, आम्ही मनःपूर्वक ऋणी आहोत.